मोगऱ्याचे नवे रोप मान टाकते तेव्हा: आधी मुळाजवळची माती पाहा

मोगऱ्याची लागवड होऊन तीन-चार आठवडे झाले, की शेतात फेरी मारताना काही रोपे वेगळी दिसू लागतात. पाने मरगळलेली, रंग फिका, शेंडा जागच्या जागी थांबलेला. शेजारचे रोप त्याच दिवशी, त्याच हाताने लावलेले असते आणि ते मात्र टवटवीत असते. अशा वेळी बहुतेक शेतकरी दोन गोष्टी करतात. पाणी वाढवतात आणि एखादे विद्राव्य खत किंवा टॉनिक फवारतात. पाणी वाढवणे कधी बरोबर ठरते, तर कधी त्यानेच रोप मरते. टॉनिकचा मात्र या अवस्थेत जवळजवळ कधीच उपयोग होत नाही.

घोटाळा होतो तो रोपाच्या दिसण्यामुळे. पाणी कमी पडले तरी पाने मान टाकतात आणि पाणी जास्त झाले तरी टाकतातच. जमिनीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही, मुळे गुदमरतात आणि भोवती पाणी असूनही त्यांना ते घेता येत नाही. वरून दोन्ही रोपे सारखीच तहानलेली दिसतात. म्हणून पाने पाहून उपाय ठरवू नका. खुरपे घ्या, रोपाशेजारी बसा आणि मुळाजवळची माती हातात घेऊन पाहा. पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

हे एवढे लावून धरण्याचे कारणही आहे. मोगरा एकदा लागला आणि नीट राखला, तर दहा वर्षांहून अधिक काळ फुले देतो. १.२ × १.२ मीटर अंतराने एकरी सुमारे २,८०० रोपे बसतात, म्हणजे पाच गुंठ्यांत साधारण साडेतीनशे. पालघर जिल्ह्यात जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातले अनेक शेतकरी थोड्या क्षेत्रावर मोगरा घेतात आणि कळी दादरच्या फूलबाजारात पाठवतात. साडेतीनशेपैकी पन्नास रोपे गेली, तर सातवा हिस्सा बाग रिकामी राहते. नंतर नांग्या भरल्या तरी ती रोपे एक हंगाम मागे पडतात. कळी तोडणाऱ्या माणसाला ओळ तेवढीच चालावी लागते, ओंजळ मात्र कमी भरते.

पिशवीतली सव्वा लिटर माती

लागवडीनंतरचे पहिले काही आठवडे रोप शेतात नसतेच, ते अजून पिशवीतच असते, असे समजा. प्लॅस्टिक तुम्ही काढलेले असते, पण मुळे अजून त्या पिशवीच्या आकाराच्या मातीतच असतात. रोपवाटिकेतली सहा बाय आठ इंचाची पिशवी भरल्यावर तिच्यात जेमतेम सव्वा लिटर माती मावते. एवढ्या मातीत रोपाला घेता येईल असे पाणी पाव लिटरच्या आसपास असते. ऊन तापलेले असेल, तर चांगली पालवी असलेले रोप तेवढे पाणी एक-दोन दिवसांत संपवते.

आता खड्ड्याचा विचार करा. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात पुष्कळ ओल असते, पण मुळे तिथपर्यंत पोचलेली नसतात. त्यात हुंडीची माती एका प्रकारची आणि शेताची दुसऱ्या प्रकारची असेल, तर पाणी एका मातीतून दुसरीत सहज जात नाही. कोकणातल्या रोपवाटिकेत तांबड्या मातीत वाढवलेले रोप देशावरच्या काळ्या जमिनीत लावले की हे हमखास दिसते. भोवतीची माती हाताला ओली लागते आणि हुंडी आतून भुसभुशीत कोरडी असते. ठिबकची तोटी खोडापासून एक फुटावर असेल तर विचारायलाच नको. तोटीखाली चिखल आणि रोप तहानलेले.

कोकणात आणि घाटमाथ्याच्या पायथ्याशी अडचण उलट असते. कातळावरच्या किंवा घट्ट मुरमातल्या जमिनीत खड्डा खणला आणि त्यात भुसभुशीत माती भरली, की जुलैच्या पावसात तो खड्डा भांड्यासारखा भरतो. बाजू आणि तळ पाणी शोषत नाहीत. शेतावर वरून पाणी साचलेले दिसत नाही, पण मुळे मात्र आठवडाभर पाण्यात उभी असतात. चिकण काळ्या मातीतही, खड्डा ओला असताना कुदळीने किंवा यंत्राच्या गिरमिटाने खणला, तर त्याच्या बाजू लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि तोच प्रकार घडतो.

तपासणी कशी करावी

शक्यतो सकाळी, ऊन चढण्याआधी शेतात जा. दुपारी दोन वाजता मान टाकलेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताठ उभे असलेले रोप फार आजारी नसते. त्याची मुळे कमी पडत आहेत, एवढाच त्याचा अर्थ. सकाळीही जे सुकलेलेच दिसते, त्याच्याकडे आधी वळा.

खोडापासून चार बोटे अंतरावर खुरप्याने वीतभर खोल माती उकरा आणि हुंडीला लागूनची माती मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटला, तर वाफसा आहे. गोळाच होत नसेल, तर हुंडी कोरडी आहे. बोटांच्या फटीतून चिखल निघत असेल, तर पाणी जास्त झाले आहे. मातीचा वासही घ्या. साचलेल्या पाण्यातल्या मातीला आंबूस, गटारासारखा वास येतो आणि एकदा ओळखला की तो विसरत नाही.

तिथेच एखादी मुळी दिसते का पाहा. द्राक्ष-डाळिंबाचे बागायतदार ज्याला ‘पांढरी मुळी चालणे’ म्हणतात, तेच इथेही पाहायचे आहे. हुंडीबाहेर पांढरी, कडक टोके आलेली दिसली, तर रोप जमिनीत शिरत आहे. वरची पाने कशीही असोत, त्याला त्रास देऊ नका. मुळी तपकिरी झाली आहे आणि चिमटीत धरून ओढल्यावर साल मोज्यासारखी निघून येते, आत दोऱ्यासारखा भाग उरतो, ही कुजलेली मुळी. मुळ्या गोल गोल फिरून पिशवीच्या तळाच्या आकारात गुंडाळलेल्या असतील, तर रोप पिशवीत गरजेपेक्षा जास्त दिवस राहिले होते. कधी कधी पिशवीच हुंडीभोवती तशीच सापडते. मजुरांकडून घाईत लागवड झालेल्या शेतात हे दिसले तर नवल वाटू देऊ नका.

खोड जिवंत आहे का, हे नखाने कळते. जमिनीपासून वर येत साल थोडी थोडी खरवडा. खाली हिरवी ओलसर साल दिसली, तर तेवढा भाग जिवंत आहे. शेंडा वाळलेला आणि बुंध्याचे दोन-तीन डोळे हिरवे, अशा रोपाला आशा आहे, कारण मोगरा बुंध्यातून फुटतो.

कृषी सहायक किंवा विस्तार कार्यकर्ता म्हणून दुसऱ्याच्या शेतात गेलात, तर रोपाकडे वाकण्याआधी बांधावर उभे राहून पूर्ण प्लॉट पाहा. सुकलेली रोपे सखल भागात ओळीने असतील, तर पाण्याचा निचरा तपासा. सगळीकडे विखुरलेली असतील, तर हुंडी किंवा लागवडीची पद्धत तपासा. एका ठिकाणाहून सुरू होऊन गोलाकार पसरत असतील, तर रोग, हुमणी किंवा वाळवी. धुऱ्यालगतच्याच दोन ओळींत पाने पिळवटलेली, अरुंद, पट्टीसारखी झाली असतील, तर शेजारच्या भातात, ज्वारीत किंवा उसात तणनाशक कधी मारले ते विचारा. स्वतःच्या शेतातही तणनाशकाचा पंप न धुता त्याच पंपाने मोगऱ्यावर फवारणी झाली, की हेच होते. मग शेतकऱ्याला तीन गोष्टी विचारा. लागवड कोणत्या तारखेची, खड्ड्यात काय काय टाकले आणि पाणी किती वेळाने देता. ‘शेणखत घातले’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. ते किती जुने होते, हेही विचारा.

हुंडी कोरडी असेल तर

एकदा पूर्ण वाळलेली हुंडी पाणी लवकर धरत नाही. वरून बादली ओतली तर पाणी तिच्या कडेने खाली निघून जाते. म्हणून खोडाभोवती, हुंडीच्या माथ्यावरच, ताटलीएवढे छोटे आळे करा. सळईने किंवा बारीक काडीने हुंडीत चार-पाच ठिकाणी हळूच भोके पाडा आणि एक ते दोन लिटर पाणी तांब्याने थांबून थांबून द्या. अर्ध्या तासाने पुन्हा तेवढेच द्या. दुसऱ्या दिवशी उकरून पाहा, हुंडी आतपर्यंत भिजली का. नसेल तर पुन्हा द्या.

ठिबक असेल तर तोटी खोडाजवळ, चार बोटांवर आणा. ताशी ४ लिटरची तोटी अर्धा तास चालली की २ लिटर पाणी मिळते. नव्या रोपाला उन्हाच्या दिवसांत एवढे एका वेळी पुरते. पाऊस नसताना पहिले तीन-चार आठवडे हलके पाणी एक-दोन दिवसांआड द्यावे लागते. नवी फूट दिसू लागली की तोटी बाहेर सरकवा, पाळीतले अंतर वाढवा आणि प्रत्येक पाळीचे पाणी वाढवा, म्हणजे मुळे पाण्याच्या मागे बाहेर आणि खाली जातील. तोटी कायम खोडाशी ठेवली तर बुंध्याची साल सतत ओली राहते आणि तिथूनच कूज सुरू होते. ही जागा बदलायची आठवण कॅलेंडरवर लिहून ठेवलेली बरी. कामाच्या गर्दीत ती राहून जाते.

पाणी साचले असेल तर

पहिले काम पाणी बंद करण्याचे. ठिबक चालू असेल तर त्या ओळीची कॉक बंद करा. आच्छादन बाजूला करा, म्हणजे ऊन-वारा लागेल. उताराच्या दिशेला खड्ड्याच्या तळाएवढा खोल चर काढून पाण्याला वाट द्या. नुसती वरवरची सरी काढून उपयोग नाही, कारण पाणी खाली अडकले आहे. खोडाभोवतीची माती खुरप्याने हलकी करा, खोल खणू नका.

लागवड खोल झाली असेल तर त्याच वेळी दुरुस्त करा. पिशवीत जिथपर्यंत माती होती, तिथपर्यंतच रोप जमिनीत असावे. पावसाने खड्ड्यातली भुसभुशीत माती बसते, रोप दोन-तीन इंच खाली जाते आणि वाहून आलेली माती बुंध्यावर चढते. बुंध्याभोवतीची ती माती हाताने बाजूला करा.

रोप उचलून पुन्हा लावावे का, हा प्रश्न इथे येतो. दर वेळी उचलताना नुकत्या निघालेल्या पांढऱ्या मुळ्या तुटतात आणि रोप पुन्हा पहिल्या दिवसावर येते. त्यामुळे उगाच उचलू नका. चर काढूनही पाणी हटत नसेल, पिशवी तशीच राहिली असेल किंवा मुळ्या गुंडाळलेल्या असतील, तरच उचला. ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडा. फावडे लांबून खाली घालून हुंडीसह रोप वर घ्या, पिशवी काढा, कुजलेल्या मुळ्या स्वच्छ कात्रीने कापा, गुंडाळलेल्या मुळ्या दोन-तीन ठिकाणी उभ्या चिरून मोकळ्या करा. मग जमिनीच्या वर वीतभर उंच मातीचा ढीग किंवा गादीवाफा करून त्यावर लावा. पावसाळ्यात भरपूर पाणी होणाऱ्या भागात मोगरा पहिल्यापासूनच उंचवट्यावर लावणे सोयीचे पडते.

बुंध्याशी पांढऱ्या धाग्यांची बुरशी आणि तिच्यात मोहरीच्या दाण्यांसारखे तपकिरी कण दिसले, तर ती स्क्लेरोशियम बुरशीमुळे होणारी मर आहे. असे रोप शक्यतो वाचत नाही. ते भोवतीच्या मातीसह पाटीत काढून शेताबाहेर न्या, ओढत नेऊ नका. शेजारच्या रोपांना कॉपर ऑक्सिक्लोराईड प्रतिलिटर पाण्यात २.५ ग्रॅम या प्रमाणात आळवणी करतात. वापरापूर्वी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून सध्याची शिफारस तपासून घ्या. ट्रायकोडर्मा वापरायचा असेल, तर तो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. ताम्रयुक्त औषधाच्या आळवणीबरोबरच तो देऊ नका. दोन्हींत दोन-तीन आठवडे अंतर ठेवा, नाहीतर ट्रायकोडर्मावरचा खर्च वाया जातो.

खतामुळे करपले असेल तर

लागवडीच्या वेळी मूठभर रासायनिक खत थेट मुळाखाली टाकण्याची सवय अनेकांना आहे. मूठभर खत विरघळले की मुळाभोवतीचे पाणी खारट होते. मिठात ठेवलेल्या कैरीच्या फोडीला जसे पाणी सुटते, तसे मुळातले पाणी बाहेर ओढले जाते. पानांची टोके आणि कडा आधी तपकिरी होतात, मग पान करपते. उकरल्यावर खताचे दाणे किंवा पांढरट थर दिसला तर शंका राहत नाही. दिसतील तेवढे दाणे मातीसह काढून टाका आणि निचरा चांगला असेल, तर लागोपाठ दोन-तीन वेळा भरपूर पाणी देऊन खत खाली धुऊन लावा. निचरा नसलेल्या जमिनीत हा उपाय करू नका.

कच्च्या शेणखताचाही त्रास होतो. ते खड्ड्यात कुजताना तापते, मुळाजवळची हवा खाते आणि हुमणीला, वाळवीला आमंत्रण देते. रोप हलक्या हाताने ओढल्यावर सहज वर आले आणि मुळ्या कुरतडलेल्या दिसल्या, तर खाली पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली अळी शोधा. ही हुमणी. बुंध्यावर मातीचे लेप किंवा बोगदे असतील तर वाळवी. हुमणी हाताने वेचून नष्ट करा. मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी कुजलेल्या शेणखतातून देता येते. वाळवीसाठी वारूळ शोधून त्यातली राणी नष्ट केल्याशिवाय फक्त रोपाभोवती औषध ओतून फार काळ निभावत नाही.

रोप खुरटलेले, पण सुकलेले नाही आणि मुळ्यांवर बारीक गाठी आहेत, असे दिसले तर सूत्रकृमी समजा. या गाठी मुळीतच फुगलेल्या असतात, नखाने सुट्या होत नाहीत. मुळ्या आणि मातीचा नमुना कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत दाखवा. जिथे आधी वांगी, टोमॅटो, भेंडी होती, अशा शेतात ही तपासणी लागवडीआधीच केलेली चांगली. अनेकदा सूत्रकृमी पिशवीतूनच येतात, म्हणून रोपे विकत घेताना एखादी पिशवी फोडून मुळी पाहण्याचा हट्ट धरा. रोपवाटिकेवाला नाराज झाला तरी चालेल.

पिवळेपणाचे दोन प्रकार

खालची जुनी पाने पिवळी पडून गळत असतील आणि शेंडा हिरवा असेल, तर फार घाबरू नका. जागा बदलल्यावर रोप काही जुनी पाने टाकतेच. सगळे रोपच फिकट होत चालले असेल, तर पुन्हा ओल तपासा. पण नवी, कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असे जाळीदार चित्र दिसले, तर ती लोहाची कमतरता आहे. देशावरच्या चुनखडीयुक्त जमिनीत मोगऱ्याला हे वारंवार होते. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. फेरस सल्फेट प्रतिलिटर पाण्यात ५ ग्रॅम, सोबत सायट्रिक आम्ल १ ग्रॅम, असे सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. नवी पाने हिरवी येऊ लागेपर्यंत महिन्याच्या अंतराने फवारणी पुन्हा घ्यावी लागते. पाणी साचल्यानेही हीच लक्षणे येतात, म्हणून फवारणीआधी मूठभर माती दाबून पाहणे इथेही चुकवू नका.

ऑक्टोबरच्या उन्हात किंवा फेब्रुवारीनंतर पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खालच्या बाजूला विरळ जाळी दिसली, तर लाल कोळी आला आहे. अशक्त, धुळीने माखलेल्या रोपावर तो आधी येतो. पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारून धूळ आणि कोळी धुऊन काढल्याने लहान रोपांवर बराच फरक पडतो.

सावली, आच्छादन आणि कळी खुडणे

कारण शोधून दूर केल्यावर रोपाला ओल, थोडी सावली आणि वेळ लागतो. दक्षिण आणि पश्चिम बाजूला नारळाची झावळी, पळसाच्या किंवा करंजाच्या फांद्या किंवा गोणपाट रोवून दुपारचे ऊन अडवा. सकाळचे ऊन मिळू द्या. तीन-चार आठवड्यांनी, नवी पाने कडक झाल्यावर, ढगाळ दिवस बघून सावली काढा. मोगरा उन्हातले झाड आहे. सावलीत राहिला तर वाढतो, पण कळी धरत नाही. आच्छादनाला भाताचा पेंढा, उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत चालते, जाडी दोन-तीन इंच पुरते. बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडा. वाळवी असलेल्या शेतात पेंढ्याऐवजी बारीक दगड पसरलेले बरे.

छाटणीत हात आखडता ठेवा. वाळलेली काडी हिरव्या भागापर्यंत कापा, पण हिरवी पाने ठेवा. रोपाला हलके करायचे म्हणून निम्मा पाला कापण्याची पद्धत आहे, तिच्याशी आम्ही सहमत नाही. नव्या मुळीला लागणारे अन्न त्याच पानांत तयार होते.

कळ्या मात्र खुडा. अडचणीत सापडलेले मोगऱ्याचे रोप अनेकदा मुळी सोडण्याआधी कळी काढते. पहिल्या वर्षी आलेली चार कळ्यांची जुडी विकून काही हाती लागत नाही. तीच ताकद फांद्यांत गेली तर पुढच्या हंगामात ओंजळभर फुले मिळतात. घरातल्या बायकांना पहिली कळी देवाला वाहायची असते. एक-दोन ठेवा, बाकीच्या खुडा.

खत द्यायचे ते नव्या पानांची दुसरी जोडी पूर्ण उघडल्यावर. तेव्हा १९:१९:१९ प्रतिलिटर पाण्यात ३ ते ५ ग्रॅम फवारता येईल किंवा पूर्ण कुजलेले शेणखत, गांडूळखत दोन ओंजळी आळ्याच्या कडेला देता येईल. त्याआधी दिलेले खत घ्यायला मुळीच नसते.

फसवी फूट आणि नांग्या

नव्या फुटीचे एक सांगायला हवे. छाट कलमातून केलेल्या रोपाच्या काडीत थोडा अन्नसाठा असतो. त्या जोरावर डोळे फुटतात, दोन-चार पाने येतात, शेतकरी निश्चिंत होतो आणि आठवड्याने सगळे कोमेजते, कारण खाली मुळी नव्हतीच. म्हणून फूट दिसली की लगेच सावली काढू नका. खोड बोटांत धरून अगदी हलके वर ओढून बघा. रोप जमिनीला धरून राहिले तर मुळी चालली आहे. हुंडीसह डुलत असेल तर अजून दोन-तीन आठवडे तसेच सांभाळा.

कारण दूर केल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत फूट दिसायला हवी. जुनी करपलेली पाने हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे पाहून निष्कर्ष काढू नका. एवढ्या अवधीनंतरही नखाने खरवडल्यावर बुंध्याशी हिरवे दिसत नसेल, तर रोप काढा. नांग्या भरण्यासाठी म्हणून मूळ लागवडीच्या वेळीच शेकडा पाच-दहा रोपे जास्तीची आणून मोठ्या पिशवीत, अर्धसावलीत वाढवत ठेवा. वयाने सारखे रोप लावले तर ते ओळीत मागे पडत नाही. जुन्याच खड्ड्यात तसेच नवे रोप खुपसू नका. खड्डा उघडा, आतली माती बाहेर काढून आठ-दहा दिवस उन्हात पसरा, गुळगुळीत झालेल्या बाजू कुदळीने खरबडीत करा. मग त्यात दोन बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच दिसले, तर आधी चर काढा आणि रोप उंचवट्यावर लावा. पाणी जिरले असेल, तर शेतातलीच माती कुजलेल्या शेणखतात मिसळून खड्डा भरा, पायाने हलके दाबा आणि पिशवी फाडून काढल्याची खात्री करून संध्याकाळी रोप लावा.